एकच पॅनल, दोन बिलं: नाशिकच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीतलं भाड्याचं प्रकरण

अंबडच्या एका इलेक्ट्रिकल पॅनलच्या कारखान्यात डिस्पॅचच्या साहेबांनी टेबलावर दोन बिलं शेजारी शेजारी ठेवली आणि काही न बोलता चहा मागवला. समोर अण्णा, म्हणजे ट्रान्सपोर्ट कंपनीचे मालक. त्यांच्या शेजारी मी. आदल्याच आठवड्यात अण्णांनी मला "जरा आमच्या भाड्याचं कॉम्प्युटरवर बसवून द्या" म्हणून बोलावलं होतं.

दोन्ही बिलं अण्णांच्याच कंपनीची, दोन्ही भिवंडीला पाठवलेल्या मालाची. माल सारखाच: लाकडी खोक्यात बांधलेला कंट्रोल पॅनल, सहा फूट उंच, तीन फूट रुंद, चार फूट खोल, वजन ३१० किलो. एक नग अंबडच्या कारखान्यातून निघालेला, दुसरा त्याच मालकाच्या सिन्नरच्या युनिटमधून. दर दोन्हीकडे किलोला ४ रुपये. एका बिलावर भाडं १,२४० रुपये, दुसऱ्यावर २,३०४.

"अण्णा, यातलं खरं कुठलं तेवढं सांगा. तेच देतो," साहेब म्हणाले.

अण्णांना सांगता आलं नाही. खरं तर तिथे बसून कुणालाच सांगता आलं नसतं.

कंपनीचं नाव इथे देत नाही. रकमाही समजायला सोप्या जाव्यात म्हणून गोल करून घेतल्या आहेत. बाकी प्रकार असा: अंबड, सातपूर आणि सिन्नरला बुकिंग ऑफिस, आडगावला गोडाऊन. थोड्या गाड्या घरच्या, बाकीच्या रोज बाजारातून उचलायच्या. भिवंडी, चाकण, वाळूज या बाजूंना पार्ट लोड, म्हणजे एका गाडीत अनेकांचा माल. सुरत, इंदूरला फुल लोड, म्हणजे अख्खी गाडी एकाच गिऱ्हाइकाची. सुरुवातीला एकच ऑफिस होतं आणि बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, अण्णा स्वतः फाडायचे, तेव्हा दर कुठे लिहून ठेवायची गरजच नव्हती. पुढे ऑफिसं तीन झाली. अंबडला अण्णांच्या हातची जुनी वही होती. सातपूरला ‘फायनल नवीन २’ नावाची एक्सेल फाइल होती. सिन्नरचा सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर, म्हणजे दर शोधायचा तर चॅट वर सरकवत बसायचं.

रिक्षाला मीटर असतं, ट्रकला नसतं. आपल्याकडे मालवाहतुकीचं भाडं बाजारात ठरतं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाशी वेगळं ठरतं. त्यामुळे दोन गिऱ्हाइकांना दोन दर असणं यात गैर काही नाही. रोज गाडी भरून देणाऱ्याला आणि महिन्याला एक खोकं पाठवणाऱ्याला एकाच तागडीत कोण तोलेल? पण एकाच गिऱ्हाइकाला, एकाच मालासाठी, एकाच गावचे दोन आकडे गेले आणि त्यातला फरक कुणालाच समजावता आला नाही, की ते गिऱ्हाईक तुमची मागची सगळी बिलं काढून बसतं. तसंच झालं.

अण्णांच्या मनातलं औषध सोपं होतं. "दर मशिनमध्ये टाका आणि कुलूप लावा. पोरांना हातच लावता येता कामा नये." पोरं म्हणजे बुकिंगची माणसं, त्यातला सर्वात लहान चाळिशीचा.

कुलूप लावण्याआधी मी मागच्या दोन महिन्यांच्या एलआर (लॉरी रिसीट, म्हणजेच बिल्ट्या) मागवल्या आणि आडगावच्या गोडाऊनमध्ये ताडपत्र्यांच्या वासात बसून एकेक बिलाशी ताडून पाहिल्या. माझी खात्री होती की बुकिंगवाले ओळखीपाळखीने दर पाडून देत असणार. तसं फारसं निघालं नाही. किलोचा दर बहुतेक ठिकाणी जुळत होता. न जुळणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या.

फूटपट्टी

पॅनल हा नाशिकचा नेहमीचा माल, आणि ट्रान्सपोर्टवाल्याला अवघड. आकाराने मोठा, वजनाला हलका. गाडीत जागा खातो, काट्यावर काही दाखवत नाही. उलट फोर्जिंगच्या पेट्या तळाशी दोन थर रचल्या की गाडीचं वजन संपलं, वर अर्धी गाडी मोकळी. म्हणून जागा खाणाऱ्या मालाचं भाडं घनफुटावर धरतात. एका घनफुटाला ठरावीक किलो मानायचे, प्रत्यक्ष वजन आणि हे मानलेलं वजन यांतलं जे जास्त त्यावर भाडं. याला आमच्याकडे चार्ज वेट म्हणतात.

सहा गुणिले तीन गुणिले चार म्हणजे ७२ घनफूट. घनफुटाला ८ किलो धरले की ५७६ किलो, आणि ४ रुपयांनी २,३०४. सिन्नरचं बिल बरोबर. अंबडने काट्यावरचे ३१० किलो धरले, १,२४० झाले. तेही त्यांच्या समजुतीने बरोबर, कारण वहीत या गिऱ्हाइकापुढे फक्त "४ रु." लिहिलं होतं. कशाचे ४ रुपये, ते अण्णांच्या डोक्यात होतं.

सातपूरची तऱ्हा तिसरीच. तिथे माप सेंटिमीटरमध्ये घेत. तेच खोकं तिथे १८३ बाय ९१ बाय १२२ भरलं असतं. तिघांचा गुणाकार करून २७,००० ने भागायचं, ही या धंद्यातली रूढ पद्धत. उत्तर येतं ७५ घनफूट आणि वर थोडं. ७२ चे ७५ कुठून झाले? एका घनफुटात खरे २८,३१७ घन सेंटिमीटर असतात. २७,००० हा तोंडी हिशेबाला सोपा पडावा म्हणून रुळलेला आकडा, आणि सोपा पडता पडता तो माल पाचेक टक्क्यांनी फुगवतो. सातपूरच्या बुकिंगवाल्या काकांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मी लागलो तेव्हापासून सत्तावीस हजारच आहे. मला वाटलं सरकारी आहे."

म्हणजे त्या एका पॅनलचं चार्ज वेट तीन ऑफिसांत ३१०, ५७६ आणि ६०२ किलो. दराला कुलूप लावून यातलं काय सुटलं असतं? तिन्हीकडे ४ रुपयेच होते.

त्याच ढिगाऱ्यात आणखीही सापडलं. हमाली एकीकडे भाड्यात, एकीकडे वेगळी. फोनवर दर विचारला की एक ऑफिस जीएसटीसकट सांगायचं, दुसरं सोडून. जीएसटीत ट्रान्सपोर्टवाल्यापुढे पर्याय असतात: ५ टक्क्यांच्या वाटेत बहुतेक वेळा कर गिऱ्हाईकच थेट भरतं, दुसऱ्या वाटेत ट्रान्सपोर्टवाला क्रेडिट (स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेऊन पूर्वी १२ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के लावतो. तेव्हा करासकट सांगितलेला आकडा एका गिऱ्हाइकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग वाटतो, भाडं तेच असलं तरी. इथे आम्ही एकच नियम केला, की तोंडाने सांगायचं ते कर सोडून, आणि पुढे गेलो.

दोन मालेगाव, दोन गोंदे

सर्वात जास्त वेळ गेला तो गावांच्या नावांत. सॉफ्टवेअरवाल्या मुलाने जुनी यादी इंग्रजी अक्षरांत भरून आणली होती. पहिल्याच चाचणीत सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतून उचललेल्या पेट्यांना मालेगाव शहराचं भाडं लागलं. एक माळेगाव नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर पुणे रस्त्याला, दुसरं मालेगाव आग्रा रोडने शंभरावर किलोमीटर, यंत्रमागांचं. मराठीत ळ आणि ल यांचा फरक डोळ्याला दिसतो. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच.

गोंद्याचं तर मराठीतही भागत नाही. मुंबई रस्त्याला वाडीवऱ्हेजवळचं गोंदे, तिथे कारखाने आहेत. दुसरं सिन्नर तालुक्यातलं गोंदे, जिथे समृद्धी महामार्गावर चढायचा रस्ता आहे. बुकिंगवाले कधी चुकत नसत, कारण माल कुणाचा आहे यावरून त्यांना गाव कळायचं. मशिनला कारखान्यांची अशी ओळख नसते. पिंपळगावचीही तीच कथा, बसवंत वेगळं, बहुला वेगळं.

शेवटी गावाच्या नावावर दर लावणंच बंद केलं. माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन ई-वे बिलात पिनकोड असतोच आणि पोर्टल त्यावरूनच अंतर काढतं, तोच आम्ही घेतला. मालेगाव शहर ४२३२०३, सिन्नर ४२२१०३. हे दोन आकडे घाईत वाचले तर किती सारखे दिसतात पाहा! म्हणून पडद्यावर पिनकोडशेजारी तालुका मोठ्या अक्षरांत दाखवायला लावला. हे सुचवलं सातपूरच्या काकांनी.

समृद्धीचा वेगळाच प्रश्न होता. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच. त्यामुळे सिन्नरची गाडी गोंद्याला समृद्धीवर चढली की बोगद्यातून, कसारा घाट टाळून, भिवंडीच्या दारात उतरते. वेळ वाचतो, टोल वाढतो. तो टोल कुणाचा? सिन्नरच्या ऑफिसने काही बिलांत "समृद्धी जादा" अशी ओळ घातली, काहींत नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "ज्यांना घाई होती त्यांना लावला." मला हे उत्तर आवडलं. त्यात तर्क होता. फक्त तो गिऱ्हाइकाला आधी सांगितलेला नव्हता. आता बुकिंग करतानाच विचारतात: जुना रस्ता की समृद्धी. निवड एलआरवर छापून येते.

मशिनमध्ये नेमकं काय घातलं

नवीन काही शोधून काढलं नाही. बाजारात मिळणारंच ट्रान्सपोर्टचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यातला दरांचा भाग नीट भरला. आधी महिनाभर सगळं एका सामायिक शीटवर चालवून पाहिलं, ते फार उपयोगी पडलं. तयार मालावर मापं टिपायला तीनही ऑफिसांना एकसारख्या टेप दिल्या. भाग घालायचा तो २८,३१७ ने, असं अण्णांनी ठरवलं. पाच टक्के सोडायला ते सहज तयार होतील असं मला वाटलं नव्हतं.

एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती जवळपास सगळीकडे चुकते. बिल महिनाअखेरीला निघतं आणि माल महिनाभर जात असतो. मध्येच, समजा २० तारखेला, दर बदलला. जुन्या पद्धतीत बिल काढताना फाइलमध्ये जो दर असेल तो सगळ्या महिन्याला लागायचा, म्हणजे ३ तारखेच्या मालालाही २० तारखेचा दर. नव्या पद्धतीत दर खोडता येत नाही. नवा दर खाली येतो, "अमुक तारखेपासून" या शब्दांसह, आणि एलआर फाडताना त्या क्षणी जो दर लागू असेल तो एलआरवर चिकटतो. बिल फक्त बेरीज करतं. निम्मी भांडणं एवढ्यानेच थांबली.

किरकोळ गिऱ्हाइकांच्या टप्प्यांतही भोक होतं. ५०० किलोपर्यंत किलोला ५ रुपये, त्यावर ४. म्हणजे ४८० किलोचे २,४०० आणि ५२० किलोचे २,०८०. जास्त मालाला कमी पैसे! हुशार गिऱ्हाईक मग म्हणणारच, "काका, ५०१ लिहा ना." काका लिहायचे. आता मशीन दोन्ही हिशेब करतं आणि कमी पडेल तो लावतं. ४८० वाल्यालाही ५०१ किलोचेच २,००४ पडतात, आणि वजन खरं लिहिलं जातं.

डिझेलचं कलम मात्र अण्णांना टोचलं. करारात लिहिलं होतं की ठरलेल्या पायाभूत भावापासून डिझेल ५ टक्के हललं की भाडं २ टक्के हलेल. हलेल, म्हणजे दोन्हीकडे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरला १० रुपयांनी कमी केलं, मे २०२२ मध्ये आणखी ६ रुपयांनी. जुन्या फाइलमध्ये चढलेल्या भावाच्या सगळ्या नोंदी होत्या. उतरलेल्या भावाची नोंद ज्या गिऱ्हाइकांनी पत्र लिहिलं त्यांच्यापुढेच. वाईट हेतू नव्हता. वाढ झाली की ऑफिसला आठवण होते, उतार आला की गिऱ्हाइकाला व्हायला लागते. मशिनमध्ये कलम घातल्यावर ते आपोआप दोन्हीकडे चालू लागलं. पहिल्या फेरीत तर ते हमालीवरही लागलं. डिझेल महागलं म्हणून माथाडींची हमाली कशी वाढेल? ते दुरुस्त केलं.

याच सुमारास अण्णांना एक कल्पना सुचली. "आपलं दरपत्रक आता एवढं छान झालंय, तर असोसिएशनच्या ग्रुपवर टाकू, सगळेच हाच दर धरतील." मी हात जोडले. आपल्या तीन ऑफिसांत एक दर ठेवणं ही घरची शिस्त. चार ट्रान्सपोर्टवाल्यांनी मिळून एक दर ठरवणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये अडकतं.

अण्णांचा शब्द

कुलूप लावायचं नाही, असं माझं मत होतं. बुकिंगवाल्याला सवलत देऊ द्यावी, पण कारण निवडल्याशिवाय आणि शेवटची तारीख टाकल्याशिवाय एलआर छापू नये. कारणांची यादी बुकिंगवाल्यांनीच केली: परतीची गाडी, मोठा लॉट, नवीन गिऱ्हाईक, माल उशिरा पोचला म्हणून. पाचवं कारण सिन्नरच्या भाऊंनी हसत लिहिलं, "अण्णांचा शब्द". मी ते तसंच ठेवलं.

पहिल्या महिन्याच्या यादीत सर्वात जास्त नोंदी त्याच कारणापुढे आल्या. लग्नात भेटलेला कारखानदार, जुना शेजारी, कुणाचा तरी मेहुणा. अण्णांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "मालकाने शब्द द्यायचा नाही का?" द्यायचा. फक्त त्यालाही शेवटची तारीख. यावर दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. त्या आडगावचा हिशेब पाहतात. "तारीख टाका तुम्ही. त्यांना मी सांगते," म्हणाल्या.

पॅनलवाल्यांशी नव्याने बसलो. घनफूट धरायचं, पण ८ ऐवजी ६ किलोने, असं ठरलं. ७२ घनफुटांचे ४३२ किलो, भाडं १,७२८. दोन्ही कारखान्यांतून तेच. सिन्नरचं त्यांचं बिल कमी झालं, अंबडचं वाढलं. एका छोट्या गिऱ्हाइकाने मात्र मोजमाप सुरू झाल्यावर काम बंद केलं. त्याचा माल थर्माकोलचा होता आणि वर्षानुवर्षं वजनावर जात होता. तो गेला याचं मला वाईट वाटलं नाही, सातपूरच्या काकांना वाटलं.

गाडी नाही

दिवाळीनंतर सगळं सुरळीत चाललं. तिन्ही ऑफिसांत कुठल्याही मालाचा भाव एका बटणावर सारखा यायचा. जानेवारीत अण्णांनी ऑफिसात पेढे वाटले. मग फेब्रुवारी आला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकचा गाड्यांचा बाजार वेगळा असतो. द्राक्षांचा हंगाम भरात, रांगडा कांदा बाजारात. पिंपळगाव, लासलगावकडे गाड्या ओढल्या जातात. आडगावला सकाळी ज्या गाडीवाल्याला आपण भाव सांगतो, तो दुपारी आपल्याला भाव सांगतो. गिऱ्हाइकाला दिलेला दर करारात बांधलेला, बाजारातून गाडी उचलायचा दर मोकळा. आम्ही विक्रीचा दर इतका घट्ट केला की खरेदीकडे कुणी पाहिलंच नाही. यात चूक माझी होती.

पूर्वी अशा दिवसांत बुकिंगवाला गिऱ्हाइकाला फोन करून म्हणायचा, "साहेब, आज गाडी महाग आहे, हजार रुपये वर द्या." ते बेशिस्त होतं, पण माल जायचा. आता वर मागायला पडद्यावर जागाच नव्हती. सवलतीची कारणं होती, वाढीचं एकही नव्हतं. मग माणसांनी सापडली ती वाट धरली. फोन आला की, "आज गाडी नाही, उद्या बघतो."

दराच्या अहवालात सगळं छान दिसत होतं. एकही वेडावाकडा आकडा नाही. पॅनलवाल्या साहेबांचाच फोन आला तेव्हा कळलं. "अण्णा, तुमचं बिल आता बरोबर येतं हो. पण यायला माल तर उचला!" इंदूरला जायच्या त्यांच्या दोन फुल लोड आठवडाभर पडून होत्या. त्याच आठवड्यात सातपूरहून इंदूरला आपली गाडी गेलेली होती, करार नसलेल्या, चालू बाजारभाव देणाऱ्या गिऱ्हाइकाची.

मी सॉफ्टवेअरमध्ये एक नवीन पान करवून घेतलं. गाडीची मागणी आली आणि आपण नाही म्हटलं, तर तीही नोंद करायची: कोण, कुठला माल, त्या दिवशी बाजारात गाडीचा भाव काय होता, आणि नकाराचं कारण. पहिले चार दिवस सगळीकडे एकच उत्तर, "गाडी उपलब्ध नाही". पाचव्या दिवशी काकांनी कारणाच्या रकान्यात स्वतःच्या शब्दांत लिहिलं: "गाडी होती. आपल्या दरात बसत नव्हती. तोट्यात भरू का? विचारायला अण्णा फोन उचलत नव्हते."

ती ओळ छापून मी अण्णांच्या टेबलावर ठेवली, दोन बिलांसारखीच. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. मग पॅनलवाल्यांचा करार मागवला आणि १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिल एवढ्यापुरती बाजारभावाची वाढ आधीच लिहून घेता येईल का, ते विचारायला स्वतः अंबडला गेले. साहेबांनी मर्यादा घालून मान्य केलं: वाढ कितीही झाली तरी अमुक टक्क्यांच्या वर नाही, आणि गाडी चोवीस तासांत. ही दुसरी अट सॉफ्टवेअरमध्ये कुठे लिहायची, ते अजून आमचं ठरलेलं नाही. तूर्त ती काकांच्या टेबलाच्या काचेखाली आहे.